दिव्यावरचे उपडे मडके

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे. बाहेरून काळे, आतून लाल, आणि काठापासून पोटापर्यंत तडा गेलेले. मडके म्हटले की तुम्हाला थंडगार पाणी आठवेल. ओट्यावरची तिवई, अंगावर ओले फडके, शेजारी ओगराळे. माझ्या वाट्याला यातले काहीच आले नाही. माझी सारी नोकरी एका कापडाच्या दुकानाच्या छतात, एका दिव्याच्या डोक्यावर उपडे बसून झाली. तुम्ही म्हणाल, मग ही कहाणी कष्टांची असेल. थोडी आहेही. पण खरे सांगायचे तर ही माझ्या हेव्याची कहाणी आहे. मी जन्मभर कुणाचा ना कुणाचा हेवा केला, आणि तो करायला मला कारणेही भरपूर मिळाली.

माझा जन्म धुळ्याचा. पांझरेच्या काठी चिंधा कुंभाराचे चाक होते. नव्वदचे दशक नुकतेच लागले होते, प्लास्टिकच्या बादल्या घरोघरी आल्या होत्या, तरी आमच्या खानदेशात एका सणाला कुंभारावाचून चालत नसे. तो सण म्हणजे आखाजी. तुमच्या पुस्तकात त्याला अक्षय्य तृतीया म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या नावाने मातीची कोरी घागर पाण्याने भरतात. घागरीवर लहानसे मातीचे भांडे, त्यावर पिवळे डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबा आणि सांजोरी. हळदकुंकू लागते, हात जोडले जातात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि दिवसभर गाणी म्हणतात. आता सांगा, कोणत्या मडक्याला आपण आखाजीची घागर व्हावे असे वाटणार नाही?

मलाही वाटत होते. पण चिंधाने मला चाकावर घेतले तेव्हाच माझे तोंड रुंद काढले. घागरीची मान तो दोन बोटांनी अलगद वर ओढायचा, ओल्या फडक्याने तिचा काठ गुळगुळीत करायचा. माझ्या अंगावर त्याने चार थापट्या मारल्या आणि मला उन्हात सरकवले. भट्टीतून निघाल्यावर त्याने आम्हा सर्वांना बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. घागरी खणखणीत वाजल्या. मी बद वाजले. तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

आम्हा रुंद तोंडाच्या मडक्यांची मागणी कुठून आली होती, ते आता सांगते. धुळ्याच्या बाजारपेठेत रुपचंदभाऊंचे कापडाचे दुकान होते. खाली दुकान, वर त्यांचे घर. मधला मजला सागवानी सरांचा, म्हणजे आडव्या तुळयांचा, आणि फळ्यांचा, आणि वर जाणारा एकुलता जिना दुकानाच्या आतून निघालेला. एका उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत एक दुकान जळाले. लाकडी मजला असल्याने आग बघता बघता वर चढली. वरची माणसे कशीबशी गच्चीवरून पळाली. ते पाहिल्यापासून रुपचंदभाऊंच्या पत्नीला, कमलबाईंना, घास गोड लागेना.

कारण त्यांच्या घरात पळू न शकणारे एक माणूस होते. पुना नाना हे रुपचंदभाऊंचे थोरले भाऊ. तरुणपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठी अंगावर कोसळून त्यांचे दोन्ही पाय कायमचे गेले. ते वरच्या मजल्यावर खाटेवर असत. सकाळी दोघे जण उचलून त्यांना रस्त्याकडच्या गॅलरीत बसवत, आणि जेवणानंतर परत खाटेवर आणत. काही हवे असले की ते जवळची काठी जमिनीवर आपटत. खाली दुकानात ते ऐकू जाई, मग कुणीतरी वर येई.

नानांसाठी रुपचंदभाऊंनी इंदूरहून कारागीर आणवले. त्यांनी मजल्याच्या खाली हातभर पोकळी सोडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा टांगला, त्याला जिप्समच्या जाड पाट्यांचे दोन थर ठोकले आणि सांधे पुट्टीने बुजवले. खाली दुकानात आग लागली तर हे छत तिला तासभर वर येऊ देणार नाही, तेवढ्यात वरच्या माणसाला बाहेर काढता येईल, असे त्यांच्या मिस्त्रींनी सांगितले. कमलबाईंना त्या रात्री नीट झोप लागली म्हणतात.

पण रुपचंदभाऊ साड्यांच्या खरेदीला सुरतेला गेले आणि तिथे त्यांनी एका मोठ्या दुकानात छतात बुडवलेले दिवे पाहिले. दिवा दिसत नाही, नुसता उजेड साडीवर पडतो आणि जरीचा काठ कसा लखलखतो. झाले, परत येताना त्यांनी तसले दिवे पेटीत भरून आणले. भाईदास नावाचा वायरमन बोलावला. भाईदासने दीपनगरला वीजकेंद्राच्या वसाहतीत काही वर्षे वायरिंग केले होते, हात सफाईचा होता. त्याने नव्या कोऱ्या छताला गोल भोके पाडली, प्रत्येक भोकात पत्र्याचा डबा बसवला आणि डब्यात दिवा.

इंदूरचे मिस्त्री रंगाचे काम बघायला आले आणि मान वर करून उभेच राहिले. त्यांचे म्हणणे असे की छताचा भक्कमपणा ते अखंड आहे तोवरच. पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे आगीला ठेवलेली खिडकी. दिवे हवेत तर प्रत्येकावर वरून लोखंडी टोप बसवा, म्हणजे आग वरही जाणार नाही, आणि पोकळीतला कचरा तापलेल्या डब्यावरही पडणार नाही. टोप मुंबईहून मागवावे लागणार होते आणि ते यायला लग्नसराई उलटून गेली असती. रुपचंदभाऊ म्हणाले, येतील तेव्हा बसवू, तोवर दिवे तर लावू. त्यावर कमलबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या दुकानात माणसे असताना बोलत नसत.

"नाना वर शेतस," त्या म्हणाल्या. "त्यासले पयता येस का? भोकं झाकाशिवाय मी दिवा लावू देवाव नही."

नानांचे नाव निघाल्यावर रुपचंदभाऊंनी बटणावरचा हात काढला. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी घरात मांडे होते. मांडे कसे करतात ते तुम्ही पाहिले असेल. चुलीवर मातीचे खापर उपडे घालायचे, खाली जाळ, आणि वर हातावर पसरवलेली पुरणाची पातळ पोळी टाकायची. खापर लाल होते, पण जागचे हलत नाही. कमलबाई मांडा उलटता उलटता थांबल्या आणि त्यांनी भाईदासला हाक मारली. खापर आगीवर उपडे बसते, मग दिव्यावर मडके उपडे का बसणार नाही, असे त्यांनी विचारले. भाईदासच्या घरीही मांडे होत असत, त्याला ते लगेच पटले. मिस्त्रींनी चिंधाचे एक मडके ठोकून पाहिले. टोपाची सर याला येणार नाही, पण उघड्या भोकापेक्षा कितीतरी बरे, टोप येईपर्यंत चालवा, असे ते म्हणाले.

म्हणजे बघा, माझी नेमणूक झाली तीसुद्धा खापराकडे पाहून, आणि तीही टोप येईपर्यंत. खापराचा मला तेव्हाच राग आला. ते आगीवर बसते, पण त्याच्यावर मांडे होतात, पाहुणे बोटे चाटतात, सणावाराला त्याची आठवण निघते. मीही उष्णतेवरच बसणार होते, पण माझ्यावर काय होणार होते? धूळ साचणार होती.

आम्हाला बसवायला वरच्या घरातल्या फळ्या उचकटल्या. भाईदासने मला दिव्यावर उपडे घातले, चारी बाजूंनी मोकळी हवा राहते ना ते पाहिले आणि काठाभोवती ओल्या मातीचा लेप लावला. वायरीला आत यायला जागा हवी होती. तो माझ्या काठाला खाच पाडणार होता, पण कमलबाईंनी अडवले. काठ फुटलेले मडके घरात नको, अशुभ असते, असे त्यांचे मत. मग त्याने खालच्या पाटीतच चर कोरून वायर माझ्या काठाखालून नेली. पुढेमागे दिवा बदलावा लागेल म्हणून आमच्यावरची एकेक फळी खिळे न मारता नुसती ठेवली. माझी फळी नानांच्या खाटेला लागूनच होती.

चिंधाच्या रुंद तोंडाच्या मडक्यांत एक कमी पडले होते, म्हणून त्याने टोपलीत एक आखाजीची घागर घालून दिली होती. नेमकी ती माझ्या शेजारच्या दिव्यावर आली. तिचे तोंड जेमतेम डब्यावरून उतरले. भाईदासही तिला ठेवताना म्हणाला की इतकी देखणी घागर अंधारात घालायला जीव होत नाही. मला घालताना तो काहीच म्हणाला नव्हता.

मग दिवे लागले. आणि मित्रांनो, तेव्हापासून मी ज्याचा खरा हेवा केला तो माझ्याच पोटातला दिवा. मला त्याची फक्त पाठ दिसे, पत्र्याची, मळकट. पण खालून आवाज येत. काय उजेड आहे हो. साडीचा रंग कसा खुलून दिसतोय. हे दिवे कुठून आणले? गावोगावच्या बायका लग्नाचा बस्ता बांधायला येत, मान वर करून छताकडे बघत आणि म्हणत की दुकान असावे तर असे. सारे कौतुक दिव्याचे. दिव्याच्या डोक्यावर कुणी बसले आहे, त्याची आग पोटात साठवते आहे आणि वरच्या लाकडाला लागू देत नाही, हे कुणाच्या गावीही नव्हते. माझा नुसता जळफळाट होई. कधी कधी वाटे, एक दिवस हा दिवा विझावा आणि पुन्हा लागूच नये. तो विझायचाही. मग भाईदास येई, मला बाजूला सरकवून नवा दिवा लावी, खालून टाळ्या पडत, आणि माझ्याभोवती पुन्हा ओली माती. मुंबईच्या टोपांचे नावही आता कुणी काढत नसे.

वरून नानांची काठी पडायची ती वेगळीच. चहा हवा की ठक, पाणी हवे की ठक, वर्तमानपत्र हवे की ठक. बरोबर माझ्या डोक्यावर. मला तो म्हातारा मुळीच आवडत नसे.

शेजारची घागर मात्र खुशाल बसली होती. आपण आखाजीसाठी जन्मलो, इथे चुकून आलो, आज ना उद्या कुणीतरी नक्की घ्यायला येईल, असा तिचा तोरा. मी तिला मनातल्या मनात हसत असे. तुला न्यायला कोण येते, तेच बघू.

आणि मित्रांनो, तिला न्यायला खरेच कुणीतरी आले.

त्या वर्षी रुपचंदभाऊंचे वडील गेले होते. त्यांच्या जाण्यानंतरची ती पहिली आखाजी. सुनंदाबाई, म्हणजे रुपचंदभाऊंची बहीण आणि नानांची धाकटी, माहेरी आली होती. बाबांच्या नावाची घागर मीच भरणार असे तिने सांगून ठेवले होते. तिचे बाबांवर फार प्रेम. शेवटच्या आजारपणात तिला वेळेवर येता आले नव्हते, ते तिच्या मनात सलत होते. सणाच्या सकाळी ती घागर धुवायला मोरीत घेऊन गेली आणि ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. तिला लागले नाही, पण घागरीचे तुकडे झाले. तिने घाईने बाजारात माणूस पाठवला. तो रिकाम्या हाताने परतला, कारण सणाच्या सकाळी कुंभाराकडे काय उरणार? शेजारी मागावी तर ज्याच्या त्याच्या घरची घागर भरलेली.

तेव्हा तिला आमची आठवण झाली. कमलबाई चुलीपुढे मांड्यांत गुंतलेल्या, नाना गॅलरीत. सुनंदाबाई एकटीच खोलीत आली, खाटेजवळच्या सुट्या फळ्या तिने उचलल्या आणि आमच्या अंगावर कितीतरी दिवसांनी ऊन पडले. आमच्या पोटात पाण्याचा थेंबही गेलेला नव्हता, म्हणून आम्ही तिच्या हिशेबाने कोरीच होतो. तिच्या ओठांतून हळूच निघाले, "कोरं शे. बाबानी घागर ऱ्हाई जावाव नही."

तिचा हात आधी माझ्यावर आला. तुम्हाला काय सांगू माझी अवस्था. तिने माझ्याभोवतीची माती थोडी खरवडली, पेराने मला वाजवले, ऐकले आणि हात काढून घेतला. मग शेजारणीला वाजवले. ती खणखणली. सुनंदाबाईने तिला उचलले, पदराने पुसले आणि पोटाशी धरून नेले. जाताना तिने एक गोष्ट केली. तापणारा डबा आता उघडा पडला होता. बाईच्या जातीला काही उघडे टाकवत नाही, दुधावर झाकण, पिठावर झाकण. तिने कोपऱ्यातले गोणपाट घेतले, त्याची घडी केली आणि त्या डब्यावर नीट झाकली. उद्या घागर परत ठेवू असे तिच्या मनात असणार. मग फळ्या जागच्या जागी.

तिने कुणाला सांगितले नाही. सांगायला वेळही नव्हता.

त्यानंतरचे सारे मी अंधारात ऐकले. घागरीत पाणी ओतल्याचा आवाज, डुबुक डुबुक. कमलबाईंनी आणलेले डांगर, आंबे. निखाऱ्यावर तुपाचा घास पडला त्याचा वास. सुनंदाबाईचे हुंदके. सगळ्यांनी त्या घागरीपुढे हात जोडले, नानांनासुद्धा तिथे आणून बसवले. मी मनापासून इच्छा केली की तिला तडा जावा. लपवत नाही. मी म्हटले, बद वाजणे हा काय गुन्हा आहे? तीही माझ्याइतकीच दिव्याच्या डोक्यावर बसली होती. मग तिला पाणी आणि मला धूळ, असे का?

दुपारी जेवणे झाली. नानांना खाटेवर आणले. बायका मागच्या अंगणात झोक्यावर गेल्या आणि त्यांची गाणी सुरू झाली. रुपचंदभाऊ मुहूर्ताच्या खरेदीची गिऱ्हाइके येतील म्हणून खाली गेले, त्यांनी दुकान उघडले आणि बटणे दाबली. सगळे दिवे लागले. माझा लागला, गोणपाटाखालचाही लागला.

गोणपाट आधी नुसते तापले. मग त्यातून बारीक धूर निघू लागला. मग मधोमध एक लाल ठिपका दिसला आणि तो पसरत गेला. आमच्या पोकळीत सुतारांनी सोडलेला भुसा होता, जळमटे होती, जुन्या सरांवरची वाळलेली धूळ होती. ठिपक्याची जीभ झाली आणि ती माझ्याकडे वळली.

वर नानांनी काठी आपटली. दुकानात रुपचंदभाऊंनी ऐकले आणि नोकराला म्हणाले, नानांना चहा हवा असेल, हे गिऱ्हाईक झाले की जा. नाना पुन्हा आपटू लागले. रोजच आपटत होते, त्यात नवे काय? अंगणात गाणी रंगली होती. नानांना धूर दिसत होता, फळ्यांच्या फटीतून तो त्यांच्या खाटेखाली येत होता, पण त्यांना खाटेवरून उतरता येत नव्हते. ते ओरडत होते, पण आवाज गाण्यांत बुडत होता. काठी मात्र थांबत नव्हती, आणि ती माझ्या डोक्यावरच पडत होती.

मित्रांनो, माझ्या खाली त्या वेळी काय होते ते ऐका. बस्त्यासाठी उलगडलेल्या साड्यांचा ढीग. घागरीच्या दिव्याखाली काचेचे कपाट होते, तिथे चार ठिणग्या पडल्या आणि विझून गेल्या. पण माझ्या भोकातून आग खाली उतरली असती तर ती थेट साड्यांवर, आणि साड्यांच्या मागे तो एकुलता जिना. आग माझ्याभोवती फिरली, माझ्या काठाची माती चाटू लागली, वाट शोधू लागली. मी काय केले? काहीच नाही. मडके दुसरे काय करणार, मी बसून राहिले. माझे अंग तापून लाल झाले, पण काठाखालून मी तिला आत येऊ दिले नाही. मला त्या क्षणी घागरीचा हेवा वाटला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही.

अखेर कमलबाईंच्या ध्यानात आले. चहासाठी नाना इतक्यांदा कधी काठी आपटत नाहीत. त्या झोक्यावरून उतरून धावत आल्या, मागोमाग सुनंदाबाई. कमलबाईंनी फळी उचलली आणि जाळ वर आला. पाण्याचे पिंप खाली मोरीत होते. जवळ पाणी एकच होते, देवघरापुढे मांडलेले. सुनंदाबाईने डांगर, आंबे खाली सारले आणि ती घागर उचलली.

कमलबाईंचा हात पुढे झाला. "अक्का, ती बाबानी शे."

"बाबाले मी सांगसू," सुनंदाबाई म्हणाली, आणि तिने पाण्यासकट घागर त्या जाळात घातली.

केवढा आवाज झाला. वाफेने सारी खोली भरली. घागर फुटली, पाणी सरांवरून धावले, आग चुर्रकन बसली. तापलेल्या माझ्या अंगावर गार पाणी आले आणि माझ्या काठापासून पोटापर्यंत तडा गेला. तोवर रुपचंदभाऊ आणि नोकर बादल्या घेऊन वर आले होते. नानांना आधी उचलून बाहेर नेले. नानांच्या हातात काठी तशीच होती.

सुनंदाबाई भिंतीला टेकून बसली आणि तिने सारे सांगून टाकले, घागर कुठली, गोणपाट कुणाचे. आता सगळे बोल लावणार असे तिला वाटले. कमलबाईंनी तिचे ओले हात पदराने पुसले. नानांनी तिला जवळ बोलावले आणि म्हणाले, "रडू नको. बाबानं पानी बाबाना पोऱ्याना कामे उनं." बाबांचे पाणी बाबांच्याच मुलाच्या कामी आले, असे त्यांचे म्हणणे.

पाहा, मित्रांनो. म्हणजे फुटल्यावरही कौतुक तिचेच. आयुष्यभर माझ्या शेजारी बसली, एका सकाळी पूजा करून घेतली, आणि दुपारी आग विझवून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणून गेली. मी इतका वेळ दार अडवून बसले होते ते कुणाला दिसले? त्या संध्याकाळी मी इतके जळफळले की माझा तडा आणखी बोटभर वाढला असावा.

दुसऱ्या दिवशी भाईदास आला. त्याने सगळ्या फळ्या काढल्या, कचरा उपसला, जळालेल्या सरावर हात फिरवला. मग त्याने मला उलटे करून उजेडात धरले. बाहेरून मी कोळशासारखे काळे झाले होते. काजळी माझ्या काठापर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. आत मी लालच्या लाल, भट्टीतून निघाले तसे. त्याने ते रुपचंदभाऊंना दाखवले, खालच्या साड्यांच्या ढिगाकडे बोट केले, जिन्याकडे केले. रुपचंदभाऊंनी माझ्या काठावरची काजळी बोटाने पुसून पाहिली. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः मुंबईची गाडी पकडली आणि लोखंडी टोप घेऊन आले. सगळ्या दिव्यांवर टोप बसले, वरच्या फळ्या खिळे मारून बंद झाल्या, आणि आम्हा मडक्यांची सुटका झाली. बाकीची मडकी चिमण्यांच्या पाण्याला आणि तुळशीला गेली. त्यांचाही मला हेवा वाटला.

मला तडा गेला होता. फुटके मडके घरात नको, म्हणून कमलबाईंनी मला मागच्या दाराशी ठेवले. पण नानांनी मला वर मागवले. कमलबाई नको नको म्हणत होत्या, सणावाराचे घर आहे, लोक काय म्हणतील. नानांनी ऐकले नाही. त्यांनी मला खाटेपाशी सुलटे ठेवायला लावले, जन्मात पहिल्यांदा सुलटे, आणि आपली काठी माझ्यात उभी केली. आता काठी माझ्या डोक्यावर पडत नाही. ती माझ्यातच राहते.

पुढची आखाजी आली. सुनंदाबाईने महिनाभर आधीच घागर घेतली होती, आणि एक फुटली तर असू द्यावी म्हणून दुसरीही आणली होती. त्या दोघी नव्या कोऱ्या, खणखणीत, ओट्यावर मिरवत बसलेल्या. मला बघवेना. बाबांच्या नावाने एक घागर भरली. दुसरी रिकामीच राहिली. सगळे हात जोडून उभे होते, आणि नाना खाटेवरून तिकडे बघत होते. मग त्यांनी हात लांब करून माझ्या काठावर ठेवला.

"हाई मडकं नसतं," ते म्हणाले, "ते औंदा दोन्ही घागरी भरनी पडत्यात."

 कमलबाईंनी सणाच्या दिवशी स्वतःच्या मरणाचे बोलू नये म्हणून नानांना गप्प केले. पण त्यांचे डोळे भरून आले होते. त्या माझ्याजवळून गेल्या तेव्हा त्यांच्या बोटाला पूजेचे हळदकुंकू राहिले होते, ते त्यांनी माझ्या काठाला टेकवले. त्यांनी ते मला लावले की नुसते बोट पुसले, हे मी अजून ठरवलेले नाही. पण कुंकू तिथे होते, हे नक्की.

मित्रांनो, तुमच्याही घरात छतात बुडवलेले दिवे असतील. त्यांचा उजेड छान पडतो, मी नाही म्हणत नाही. पण दिव्याच्या डोक्यावर काय आहे, ते एकदा मोठ्या माणसांना बघायला सांगा. तिथे गोणपाट, चिंध्या, कागद घालू नका. तिथले झाकण कितीही निरुपयोगी दिसले, बद वाजले, तरी ते उचलून दुसऱ्या कामाला नेऊ नका, आणि न्यावेच लागले तर कुणाला तरी सांगून न्या. जे कुणाला दिसत नाही त्याच्याकडेही कधीतरी बघा. त्याला फार काही नको असते, एक बोट पुरते.

आजही आखाजी आली की मी आधी घागरी मोजते. भरलेली एकच दिसली की माझा जीव शांत होतो, आणि तेवढा एक दिवस मला कुणाचाच हेवा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी खाली दिवे लागतात, कुणीतरी साडीचा रंग किती खुलला म्हणते, आणि मग पुन्हा वाटू लागतो.